ब्रुसेल्सच्या पत्त्यावर पाठवलेला राग : ब्रिटनमधील युरोपविरोधाची चाळीस वर्षे

१/ २३ जून २०१६. ब्रिटनमध्ये सार्वमताचे मतदान संपून काही तास झाले होते. मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात इंग्लंडच्या ईशान्येकडील संडरलंड शहराचा निकाल आला : युरोपीय महासंघ सोडण्याच्या बाजूने ६१ टक्के मते. चलनबाजारात पौंड घसरू लागला. संडरलंडची ओळख म्हणजे निसानचा मोटार कारखाना. तेथील बहुतेक मोटारी निर्यात होत आणि त्यांचा मोठा वाटा युरोपात जाई. ज्या बाजारपेठेवर शहराची चूल पेटत होती, तिच्याकडेच शहराने पाठ फिरवली. हे कसे घडले? आजचा थ्रेड याच प्रश्नावर.

२/ या प्रश्नाची नेहमीची उत्तरे आपण ऐकली असतील : स्थलांतरितांविषयीची चीड, साम्राज्याच्या आठवणी, वृत्तपत्रांचा अपप्रचार. प्रत्येकात काही तथ्य आहे. परंतु त्यांच्या मुळाशी एक संथ प्रक्रिया चालू होती. मोठ्या पक्षांनी युरोपचा प्रश्न चार दशके अशा रीतीने हाताळला की, सामान्य निवडणुकीत मतदाराला त्यावर बोलायला जागाच उरली नाही. त्याच काळात त्या पक्षांवरचा विश्वासही आटत गेला. हे दोन प्रवाह जेथे मिळाले, तेथे २०१६ घडले.

३/ आधी पक्षांची स्थिती पाहू. १९५१ च्या निवडणुकीत हुजूर आणि मजूर या दोन पक्षांना मिळून जवळपास ९७ टक्के मते पडली होती. गिरणीकामगार, खाणकामगार, गोदीकामगार मजूर पक्षाचे. जमीनदार, व्यापारी आणि उपनगरी मध्यमवर्ग बहुतांशी हुजुरांचा. पक्ष म्हणजे केवळ निवडणूक चिन्ह नव्हते. त्याभोवती क्लब होते, कामगार संघटना होत्या, मोहल्ल्यातील ओळखीपाळखी होत्या. राग आला तरी माणूस घरातल्या घरात भांडावे तसा पक्षातल्या पक्षात भांडत असे.

४/ आता युरोप. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ मध्ये ब्रिटनला दारातूनच परत पाठवले. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी हुजूर पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या काळात ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाला. मजूर पक्षात यावरून दोन तट पडले. पक्ष फुटू नये म्हणून पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी प्रश्न थेट जनतेपुढे नेला. ५ जून १९७५ चे ते सार्वमत. पक्षांतर्गत दुखण्यावर सार्वमताची मात्रा देण्याची प्रथा तेथे सुरू झाली, हे लक्षात ठेवावे.

५/ १९७५ चा निकाल स्पष्ट होता : ६७ टक्के मते समुदायात राहण्याच्या बाजूने. आज वाचताना नवल वाटते ते बाजूंच्या मांडणीचे. हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर युरोपच्या बाजूने प्रचार करत होत्या. सदस्य देशांचे ध्वज विणलेला त्यांचा स्वेटर प्रसिद्धच आहे. विरोधात होते डाव्या गटाचे टोनी बेन आणि मायकेल फूट. त्यांच्या जोडीला उजव्या टोकाचे ईनॉक पॉवेल. बेन यांचा आक्षेप साधा होता : ज्यांना आपण मत देऊन हटवू शकत नाही, त्यांच्या हाती कायदे का द्यावेत?

६/ हा आक्षेप काही काळ निवडणुकीच्या रिंगणात होता. १९८३ मध्ये मजूर पक्षाने जाहीरनाम्यातच समुदायातून बाहेर पडण्याचे वचन दिले. म्हणजे त्या वर्षी युरोप नको असलेल्या मतदाराला एक मोठा पक्ष उपलब्ध होता. पण पक्षाला २८ टक्क्यांहूनही कमी मते मिळाली. पराभवाची कारणे अनेक होती. तरी नेतृत्वाने जे धडे घेतले त्यांत ‘युरोपविरोध सोडा’ हाही एक होता. त्यानंतर या देशाच्या सार्वत्रिक निवडणुकीत ते वचन कोणत्याही मोठ्या पक्षाने कित्येक वर्षे उच्चारले नाही.

७/ सप्टेंबर १९८८ मधील बारा दिवस या कथेत फार मोलाचे आहेत. ८ तारखेला युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक दलोर यांनी बोर्नमथ येथे ब्रिटिश कामगार संघटनांच्या अधिवेशनात भाषण केले. कामगारांच्या हक्कांना युरोप संरक्षण देईल, असा त्यांचा आशय. थॅचर यांच्याकडून सतत मार खाल्लेल्या संघटनांनी त्यांना उभे राहून दाद दिली. २० तारखेला थॅचर बेल्जियममधील ब्रूझ येथे बोलल्या. आम्ही ब्रिटनमध्ये सरकारचा पसारा आवरला तो ब्रुसेल्समधून पुन्हा लादला जावा म्हणून नव्हे, असा त्यांचा रोख होता. दोन्ही पक्षांनी जणू एकमेकांचे अंगरखे बदलले.

८/ ‘युरोस्केप्टिक’ हा शब्द याच दशकात ब्रिटिश वृत्तपत्रांत रुळू लागला. मराठीत आपण ‘युरोसंशयवादी’ म्हणू. मग ७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्ट्रिख्ट करारावर सह्या झाल्या. बाजारपेठेचा समुदाय आता ‘महासंघ’ झाला. सामायिक चलनाचा मार्ग आखला गेला आणि ‘युरोपीय नागरिकत्व’ ही कल्पना आली. ब्रिटनने सामायिक चलनातून सूट मिळवली. करार मूळ समुदायाहून कितीतरी पुढे जाणारा होता. तरी हुजूर सरकार आणि मजूर पक्षाचे नेतृत्व, दोघेही महासंघाच्या मुख्य दिशेशी सहमत होते. वाद उरला तो तपशिलांचा आणि हुजुरांतील बंडखोरांचा.

९/ त्याच वर्षी १६ सप्टेंबरला ‘काळा बुधवार’ उजाडला. युरोपीय विनिमय दर यंत्रणेत पौंडाचा भाव जर्मन मार्कशी ठरावीक पट्ट्यात बांधलेला होता. तो टिकवण्यासाठी सरकारने एका दिवसात व्याजदर १० वरून १२ टक्क्यांवर नेला आणि १५ टक्क्यांची घोषणा केली. सटोडियांपुढे काहीच टिकले नाही. संध्याकाळी ब्रिटनला यंत्रणेतून बाहेर पडावे लागले. कारभार सांभाळण्यात हुजूर पक्ष तरबेज, ही प्रतिमा त्या एका दिवसात तडकली. शिवाय युरोपपासून सुटल्यावर अर्थव्यवस्था सावरली, ही समजूत अनेकांच्या मनात घर करून बसली.

१०/ या वाचकवर्गाला एक गोष्ट विशेष रंजक वाटेल. पुढे देश हादरवणाऱ्या ‘युकिप’ पक्षाची सुरुवात एका इतिहासाच्या प्राध्यापकाने केली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे ॲलन स्केड यांनी १९९१ मध्ये ‘अँटी-फेडरलिस्ट लीग’ स्थापन केली. १९९३ मध्ये तिचे नाव युनायटेड किंग्डम इंडिपेंडन्स पार्टी, म्हणजेच युकिप, असे झाले. स्केड १९९७ मध्ये पक्षाबाहेर पडले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत धनाढ्य उद्योजक जेम्स गोल्डस्मिथ यांचा ‘रेफरेंडम पार्टी’ हा एकाच मागणीचा पक्ष उतरला : युरोपवर सार्वमत घ्या. आठ लाखांहून अधिक मते मिळाली, जागा एकही नाही.

११/ १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष प्रचंड बहुमताने आला. खरा इशारा चार वर्षांनी मिळाला. २००१ मध्ये मतदान ५९ टक्क्यांवर घसरले. १९१८ नंतरचा हा नीचांक. लिव्हरपूल रिव्हरसाइड मतदारसंघात तर केवळ ३४ टक्के. मजूर पक्षाची देशभरात सुमारे २८ लाख मते कमी झाली. जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच घटल्या. ज्यांनी मत दिले नाही ते प्रामुख्याने पक्षाच्या जुन्या कामगार वस्त्यांतील होते. ते कोठेच गेले नव्हते. घरी बसले होते. आणि जागा सुरक्षित असल्याने त्यांच्या न येण्याची दखल घेण्याची कोणाला निकड वाटली नाही.

१२/ पुन्हा संडरलंडकडे वळू. या शहराने शतकानुशतके जहाजे बांधली. १९८८ मध्ये शेवटच्या गोद्या बंद झाल्या. १९९३ मध्ये वेअरमथची कोळसा खाण बंद झाली. आज तिच्या जागी फुटबॉलचे स्टेडियम आहे. निसान आली, कॉल सेंटर आली, पण गोदीभोवतीचे जग परत आले नाही. शहर वर्षानुवर्षे मजूर पक्षालाच निवडून देत राहिले. पक्षाचे उमेदवार मात्र आता कारखान्यातून कमी आणि विद्यापीठांतून, नेत्यांच्या कार्यालयांतून अधिक येऊ लागले. मतदार आणि प्रतिनिधी यांची भाषाच निराळी होत चालली.

१३/ येथे इतिहासाने एक विनोद केला. ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत, आपल्याकडच्यासारखेच, मतदारसंघात सर्वाधिक मते घेणारा विजयी ठरतो. त्यामुळे लहान पक्षांचा निभाव लागत नाही. पण १९९९ पासून युरोपीय संसदेच्या निवडणुका ब्रिटनमध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने होऊ लागल्या. युकिपला तीन जागा मिळाल्या. म्हणजे युरोपविरोधी पक्षाला पहिले व्यासपीठ, पगार आणि प्रतिष्ठा युरोपीय संसदेनेच दिली. सरकार बदलत नसल्याने या निवडणुकीत लोक बिनदिक्कत राग व्यक्त करू लागले. नायजेल फराज हे नाव देशाला कळले ते येथूनच.

१४/ १ मे २००४ रोजी महासंघात दहा नवे देश आले. त्यांतील आठ पूर्वीच्या साम्यवादी गटातील होते. त्यांच्या नागरिकांना पहिल्या दिवसापासून कामाची मुभा देणारे जुने सदस्य तीनच : ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. जर्मनीने दार काही वर्षे बंद ठेवले. सरकारसाठी केलेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की, वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार माणसे येतील. प्रत्यक्षात इंग्लंड व वेल्समधील पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या २००१ मध्ये सुमारे ५८ हजार होती, ती २०११ मध्ये ५ लाख ७९ हजारांवर गेली.

१५/ हे आकडे वाईट आहेत असे नव्हे. आलेल्यांनी शेते राखली, घरे बांधली, रुग्णांची शुश्रूषा केली. पण लिंकनशरमधील बॉस्टनसारख्या छोट्या भाजीपाल्याच्या गावात शाळा, दवाखाने आणि भाड्याची घरे यांवर एकाएकी ताण आला. गाऱ्हाणे मांडणाऱ्याला दोन्ही मोठ्या पक्षांकडून जवळपास एकच उत्तर मिळे : महासंघाचा नियम आहे, आपण काही करू शकत नाही. या उत्तराने क्षणापुरती सुटका होई. परंतु त्यातून ऐकणाऱ्याने निष्कर्ष काढला तो असा की, निवडून दिलेल्यांच्या हाती आता काहीच नाही. २०१६ मध्ये बॉस्टनने ७५.६ टक्के मते बाहेर पडण्यासाठी दिली, देशातील सर्वाधिक.

१६/ आता जरा खाडीपलीकडे पाहू, कारण हे दुखणे एकट्या ब्रिटनचे नव्हते. महासंघासाठी ‘राज्यघटना करार’ तयार झाला होता. २८ फेब्रुवारी २००५ रोजी व्हर्साय येथे फ्रेंच संसदेच्या संयुक्त अधिवेशनाने त्यासाठी लागणारी घटनादुरुस्ती ७३० विरुद्ध ६६ मतांनी मंजूर केली. तीनच महिन्यांनी, २९ मे रोजी, ५४.७ टक्के फ्रेंच मतदारांनी तोच करार फेटाळला. १ जूनला नेदरलँड्समध्ये ६१.५ टक्के मते विरोधात गेली. तेथेही प्रमुख पक्ष कराराच्या बाजूने होते. सभागृह आणि समाज यांतील दरी इतकी स्वच्छ मोजून मिळणे इतिहासात विरळाच.

१७/ मग काय झाले? कराराचा बराचसा आशय नव्या वेष्टनात घालून १३ डिसेंबर २००७ रोजी लिस्बन करार झाला. फ्रान्स आणि नेदरलँड्स यांनी तो संसदेतून संमत केला, सार्वमत नाही. घटनेनुसार सार्वमत आवश्यक असलेल्या आयर्लंडने २००८ मध्ये नकार दिला. काही हमी देऊन २००९ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि होकार मिळाला. डेन्मार्कने मास्ट्रिख्टबाबत १९९२ मध्ये नकार व सवलतींनंतर १९९३ मध्ये होकार दिला होता, तसेच. दोन्ही वेळा खऱ्या सवलती मिळाल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी ‘मनासारखे उत्तर येईपर्यंत विचारत राहतात’ ही टीका लोकांच्या ओठी बसली.

१८/ ब्रिटनमध्ये वचनभंगाची साखळीच तयार झाली. ब्लेअर यांनी २००४ मध्ये राज्यघटना करारावर सार्वमताचे आश्वासन दिले. फ्रेंच-डच नकारानंतर ते मागे पडले. गॉर्डन ब्राऊन सरकारने लिस्बन करार वेगळा आहे असे सांगून तो सार्वमताविना संमत केला. विरोधी नेते डेव्हिड कॅमेरन यांनी २००७ मध्ये लिस्बनवर सार्वमत घेण्याची ‘पोलादी हमी’ दिली आणि करार सर्वत्र संमत झाल्यावर नोव्हेंबर २००९ मध्ये ती सोडून दिली. प्रत्येक माघारीमागे कायदेशीर तर्क होता. मतदाराच्या वहीत मात्र नोंद एकच राहिली : विचारतो म्हणाले, विचारले नाही.

१९/ मे २००९. खासदारांच्या भत्त्यांचा तपशील ‘डेली टेलिग्राफ’ने रोज छापायला सुरुवात केली. कोणी वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचा खर्च मांडला होता, कोणी तळ्यातील बदकांच्या तरंगत्या घराचा. दोषी सर्वच पक्षांत होते. सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले. सभापतीवर अशी वेळ १६९५ नंतर प्रथमच आली. बँका बुडून मंदी आलेली, नोकऱ्या जात असलेल्या, आणि अशा वेळी हे प्रकरण. चारच आठवड्यांत युरोपीय निवडणूक झाली. युकिपने सत्ताधारी मजूर पक्षाला मागे टाकून दुसरे स्थान मिळवले. घोटाळा वेस्टमिन्स्टरचा होता. त्याची किंमत युरोपच्या मतपेटीत वसूल झाली.

२०/ निषेधाचे मत पूर्वी तिसऱ्या पक्षाला, लिबरल डेमोक्रॅट्सना जाई. २०१० मध्ये ते हुजुरांसोबत सत्तेत बसले आणि विद्यापीठांचे शुल्क वाढू न देण्याचे वचन त्यांनी मोडले. निषेधाची जागा रिकामी झाली, ती युकिपने भरली. २०१४ च्या युरोपीय निवडणुकीत हा पक्ष पहिला आला. देशव्यापी निवडणुकीत हुजूर व मजूर या दोहोंना मागे टाकण्याची घटना शतकभरात घडली नव्हती. २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याला ३८ लाखांहून अधिक मते मिळाली. जागा किती? एक. त्याच निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मतांत ५६ जागा मिळाल्या.

२१/ कॅमेरन यांनी २३ जानेवारी २०१३ च्या भाषणात सार्वमताचे वचन दिले होते. पक्षातील बंड शमवावे आणि युकिपची हवा काढावी, हा हेतू. म्हणजे विल्सन यांचीच जुनी मात्रा. परिस्थिती मात्र १९७५ ची नव्हती. तेव्हा पुढाऱ्यांचा शब्द मतदार मानत असत. २०१६ मध्ये पंतप्रधान, मजूर पक्षाचे नेतृत्व, अर्थतज्ज्ञ, मोठे उद्योग सारे एका बाजूला उभे राहिले, आणि ती एकजूटच अनेकांना संशयास्पद वाटली. ‘नियंत्रण परत घ्या’ ही विरोधकांची घोषणा बेन यांच्या जुन्या आक्षेपाचीच सोपी आवृत्ती होती.

२२/ निकाल आपल्याला माहीत आहे : १ कोटी ७४ लाख मते बाहेर पडण्यासाठी, १ कोटी ६१ लाख राहण्यासाठी. मतदान ७२ टक्के. वर्षभरापूर्वीच्या सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा २८ लाखांहून अधिक माणसे जास्त आली. संसदेतील सुमारे तीन चतुर्थांश सदस्य राहण्याच्या बाजूचे होते, तर अंदाजानुसार ६५० पैकी ४०० च्या आसपास मतदारसंघ बाहेर पडण्याच्या. व्हर्सायमधील ती दरी येथेही दिसली. सुरक्षित मतदारसंघात ज्यांचे मत निकालावर परिणाम करत नसे, त्यांच्यासाठी प्रत्येक मत सारखे मोजले जाणारी ही दुर्मीळ संधी होती.

२३/ आपल्याशी संबंधित एक तपशील. राष्ट्रकुलातील देशांचे ब्रिटनवासी नागरिक या सार्वमतात मतदान करू शकत होते. त्यामुळे लंडनमध्ये राहणाऱ्या, भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या मराठी माणसाला मत होते. त्याच्या शेजारच्या, कदाचित वीस वर्षे तेथे कर भरणाऱ्या फ्रेंच किंवा पोलिश माणसाला नव्हते. युरोपीय नागरिकत्व कागदावर होते. ज्या दिवशी त्याच्याविषयी निर्णय झाला, त्या दिवशी साम्राज्याच्या काळात रुजलेला हक्क अधिक बळकट ठरला.

२४/ या मांडणीला मर्यादा आहेत. स्कॉटलंडने ६२ टक्के मते राहण्यासाठी दिली. पक्षांवरचा रोष तेथेही होता, पण त्याला वाट देणारा निराळा पक्ष होता. दक्षिण इंग्लंडमधील सुखवस्तू गावांनीही बाहेर पडण्यासाठी मते दिली; त्यांना केवळ ‘मागे पडलेले’ म्हणता येणार नाही. सार्वभौमत्वाचा प्रश्न अनेकांसाठी खरोखर तत्त्वाचा होता. निराशेने युरोपविरोध जन्माला घातला असे नाही. तो आधीपासून होता. निराशेने त्याला अल्पमतातून बहुमतात आणले.

२५/ याची पडताळणी पुढच्या काळाने केली. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी महासंघाबाहेर पडला. रागाचे मूळ केवळ ब्रुसेल्समध्ये असते तर तो शमायला हवा होता. २०२४ च्या निवडणुकीत मतदान पुन्हा ६० टक्क्यांच्या आसपास, २००१ च्या पातळीवर आले. १९५१ मध्ये जवळपास ९७ टक्के मते घेणाऱ्या दोन पक्षांना मिळून ५७ टक्के मिळाली. फराज यांचा नवा पक्ष १४ टक्के मते घेऊन संसदेत शिरला. पत्रावर पत्ता ब्रुसेल्सचा होता, मजकूर मात्र बराचसा वेस्टमिन्स्टरला उद्देशून होता. ते पत्र अजून तेथे पुरते वाचले गेलेले नाही.

२६/ संडरलंडच्या मतदाराला मूर्ख ठरवणे सोपे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते टाळावे आणि विचारावे : या माणसाला गेल्या तीस वर्षांत ‘नाही’ म्हणण्याची संधी किती वेळा मिळाली, आणि त्याचे ‘नाही’ कोणी ऐकले? लोकशाहीत सर्व मोठे पक्ष एखाद्या प्रश्नावर एकमत झाले म्हणजे तो प्रश्न सुटला, असे होत नाही. तो मतपत्रिकेवरून नाहीसा होतो आणि दुसऱ्याच दारातून परत येतो. आपले मत, शंका आणि दुरुस्त्या अवश्य मांडा. (समाप्त)

#इतिहास #थ्रेड #युरोप